मोटारीचें पाणी घरीं बदलतांना

मोटारगाडी दारांत असणें ही आतां केवळ श्रीमंतीची खूण राहिलेली नाहीं. माळशिरससारख्या तालुक्याच्या गांवींही एकेका आळींत चार-पांच मोटारी उभ्या दिसतात. कोणाची नवी, कोणाची दुसऱ्याकडून घेतलेली. गाडी धुणें, चाकांत हवा भरणें, तेलाची पातळी पाहणें इतकीं कामें बहुतेक मालक आवडीनें करतात. परंतु इंजिनाच्या पोटांतील पाण्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तें उकळून वाफ बाहेर येऊं लागली म्हणजे त्याची आठवण होते, आणि मग जवळच्या हॉटेलांतून बादलीभर पाणी आणून आंत ओतलें जातें. तेवढ्यानें गाडी पुढें चालते खरी. पण त्या बादलीबरोबर इंजिनांत काय गेलें, ह्याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे; आणि तें पाणी घरच्या घरीं, कोणासही इजा न होतां, कसें काढावें व पुन्हां कसें भरावें, हेंही पाहावयाचें आहे.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. ज्याला आपण सवयीनें ‘गाडींतलें पाणी’ म्हणतों, त्याला गॅरेजांत ‘कूलंट’ म्हणतात. त्याच्या डब्यावर पुष्कळदां ‘अँटिफ्रीझ’ असेंही छापलेलें असतें, आणि ह्या दुसऱ्या शब्दानें आपल्याकडे बराच घोटाळा केलेला आहे. अँटिफ्रीझ म्हणजे गोठूं न देणारें. सोलापूर जिल्ह्यांत तर पाणी गोठण्यासारखी थंडी पडत नाहीं. मे महिन्यांत जेथें पारा ४२-४३ अंशांवर चढतो, तेथें गोठण्याची भीति कोणी बाळगावी? तेव्हां ‘हें काश्मीरच्या लोकांचें औषध, आपल्याला बोअरचें पाणी पुरे,’ असा हिशेब शहाणींसुरतीं माणसेंही करतात. हिशेब वरवर बिनतोड दिसतो. परंतु तो शब्दाच्या अर्थावरून केलेला आहे, द्रवाच्या कामावरून नव्हे. आपल्या भागांत ह्या द्रवाचें मुख्य काम थंडीशीं नसून गंजाशीं आहे.

इंजिनांत पेट्रोल अगर डिझेल जळतें. त्यापासून निघणाऱ्या उष्णतेपैकीं, स्थूलमानानें बोलावयाचें तर, एक तृतीयांशाच्या आसपास भागच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. जवळजवळ तितकाच भाग धुराबरोबर नळींतून निघून जातो, आणि उरलेला इंजिनाच्या धातूंत मुरूं पाहतो. तो तेथून काढून नेला नाहीं तर थोड्याच वेळांत दट्ट्या आणि सिलिंडर एकमेकांस धरून बसतील. म्हणून सिलिंडरांच्या भोंवतीं पोकळ्या ठेवून त्यांतून द्रव खेळविलेला असतो. एक लहानसा पंप तो ढकलतो; तापलेला द्रव वरच्या रबरी नळीनें गाडीच्या नाकाशीं असलेल्या जाळीदार रेडिएटरांत येतो, तेथें वाऱ्यानें निवतो, आणि बहुतेक गाड्यांत खालच्या नळीनें परत इंजिनांत जातो. वाटेवर थर्मोस्टॅट नांवाचा एक आपोआप चालणारा दरवाजा असतो. इंजिन थंड असतांना तो मिटलेला असतो, आणि द्रव साधारण ८२ ते ९० अंशांपर्यंत तापला म्हणजे उघडतो. हा दरवाजा श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

मोटारी प्रथम निघाल्या तेव्हां त्या साध्या पाण्यावरच चालत. कार्ल बेंझ ह्यांच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडींत पाण्याची वाफ होऊन जाई आणि वाटेंत तें पुन्हां पुन्हां भरावें लागे. एथिलीन ग्लायकॉल हा पदार्थ वुर्ट्झ नांवाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच तयार केला होता. परंतु मोटारींसाठीं तो बाजारांत आला १९२० नंतरच्या दशकांत. आपल्याकडे तर त्याची ओळख फारच उशिरां झाली. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेल्या फियाट आणि पुढें पद्मिनी गाड्यांनीं महाराष्ट्रांतील कितीतरी कुटुंबें वाहिलीं. ‘त्या गाड्या नळाचें पाणी पिऊन वर्षानुवर्षें चालल्या, मग आतांच हीं नवीं थेरें कशाला?’ असें वडील मंडळी विचारतात. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. पण त्या काळच्या इंजिनांत ओतीव लोखंडाचा भाग मोठा, रेडिएटर तांब्या-पितळेचे, आणि पाण्याच्या वाटा चांगल्या रुंद असत. शिवाय ड्रायव्हरही रोज सकाळीं झांकण उघडून पाहणारे होते. आजच्या गाडीचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा, त्याच्या नळ्या चपट्या व अरुंद, इंजिनाचें डोकें ॲल्युमिनियमचें, आणि मालक झांकण कोठें आहे हेंही न जाणणारा. जुन्या गाडीला जें पचलें तें नव्या गाडीला पचेलच असें नाहीं.

बोअरचें पाणी दिसावयास स्फटिकासारखें असलें तरी खडकांतून झिरपतांना तें कॅल्शियम व मॅग्नेशियम ह्यांचे क्षार बरोबर घेऊन येतें. ज्यांच्या घरीं तांब्याचा बंब होता त्यांनीं त्याच्या आंतल्या बाजूस बसलेला पांढरा खरखरीत थर पाहिला असेल. आतां तोच गीझरच्या कांबीवर दिसतो. हा थर उष्णता नीट जाऊं देत नाहीं. ज्या बंबाचें पाणी पूर्वीं अर्ध्या तासांत तापे, त्यास पुढें पाऊण तास लागे आणि लांकडेंही जास्त जळत. बंबांत बाहेरची उष्णता आंत यावयाची असते, इंजिनांत ती धातूंतून द्रवांत जावयाची असते, अडथळा एकच. फरक इतकाच कीं, बंब तापावयास उशीर झाला तर आंघोळ लांबते, आणि इंजिन निवावयास उशीर झाला तर त्याचें डोकें वांकतें.

दुसरा शत्रु गंज. तांब्याची एक पट्टी व जस्ताची एक पट्टी मिठाच्या पाण्यांत उभी करून विद्युत्घट बनविण्याचा प्रयोग शाळेंत पुष्कळांनीं केला असेल. दोन निराळे धातु एकाच क्षारयुक्त पाण्यांत राहिले कीं त्यांतील एक हळूहळू झिजत जातो. मोटारीच्या इंजिनांत ॲल्युमिनियम, लोखंड, कांहीं गाड्यांत तांबें व डाग देण्याची मिश्र धातु, हीं सर्व एकाच द्रवांत बुडालेलीं असतात, आणि तो द्रव नव्वद अंशांपर्यंत तापलेला असतो. माझा एक जुना विद्यार्थी गांवांत मोटारदुरुस्तीचें काम करतो. बोअरच्या पाण्यावर कित्येक वर्षें चाललेल्या एका गाडीचा पंप त्यानें मला दाखविला होता. त्याच्या पंख्याचीं पातीं उंदरानें कुरतडावींत तशीं झालीं होतीं.

ह्यासाठीं कूलंटमध्यें ग्लायकॉलखेरीज गंज रोखणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. तीं धातूवर अतिशय पातळ कवच धरतात. मात्र हें काम करतां करतां तीं खर्च होतात. ग्लायकॉल संपत नाहीं, रंग उडत नाहीं, टाकींतली पातळीही घटत नाहीं. पण राखण संपलेली असते. उलट तापून तापून ग्लायकॉलाचेंच थोडथोडें आम्ल होऊं लागतें. जुनें कूलंट ‘अजून चांगलें दिसतें’ ह्या म्हणण्यास म्हणूनच कांहीं अर्थ नाहीं. साधें हिरवें कूलंट दोन-तीन वर्षांनीं, दीर्घायुषी म्हणविणारें पांच वर्षांच्या सुमारास, अशी सर्वसाधारण रीति आहे. परंतु गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत जें लिहिलें असेल तेंच प्रमाण धरावें. रंगावर तर मुळींच विसंबूं नये. हिरवा, तांबडा, निळा हे रंग कारखानदार आपापल्या मर्जीप्रमाणें घालतात. एकाच रंगाचीं दोन कूलंटें निराळ्या जातीचीं असूं शकतात, आणि तीं एकत्र झालीं तर एकमेकांचें सामर्थ्य घालवितात.

‘औषध चांगलें तर दुप्पट घालूं’ हाही मोह येथें उपयोगाचा नाहीं. उष्णता वाहून नेण्याच्या कामीं शुद्ध ग्लायकॉल पाण्यापेक्षां बरेंच कमी पडतें. दुसऱ्या महायुद्धांतील स्पिटफायर विमानांचीं मर्लिन इंजिनें आरंभीं शुद्ध ग्लायकॉलावर थंड करीत. पुढें अनुभवानें तें बदलून सत्तर भाग पाणी व तीस भाग ग्लायकॉल असें मिश्रण घेतलें गेलें. गंमत अशी कीं, गोठण्याच्या बाबतींतही तेंच. शुद्ध ग्लायकॉल शून्याखालीं १३ अंशांच्या सुमारास गोठतें, तर पाण्याशीं निम्में-निम्में मिसळलेलें शून्याखालीं ३७ अंशांपर्यंत टिकतें. तेव्हां पुस्तिकेंत सांगितलेलें प्रमाण, तें बहुधा तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असतें, तेवढेंच घ्यावें. मिसळण्याचें पाणी ऊर्ध्वपातित असावें. पेट्रोलपंपावर व बॅटरीवाल्याकडे तें ‘बॅटरीचें पाणी’ म्हणून मिळतें. मागतांना ‘पाणी’ हा शब्द स्पष्ट उच्चारावा आणि डब्यावरील अक्षरें वाचून घ्यावींत. कारण त्याच दुकानांत, तशाच डब्यांत, बॅटरीचें आम्लही असतें.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. त्यांतील सर्वांत मोठा धोका झांकणाचा आहे, म्हणून तो आधीं सांगतों. रेडिएटरचें झांकण हें डब्याच्या झांकणासारखें नुसतें बसविलेलें नसतें. तें स्प्रिंगच्या जोरानें आंतील दाब राखून ठेवतें. हा दाब सुमारें १५ पौंड असतो, म्हणजे स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरांत असतो तेवढाच. त्या दाबाखालीं पाणी १०० अंशांना न उकळतां १२० अंशांच्या सुमारास उकळतें, आणि त्यामुळेंच भर उन्हाळ्यांतही इंजिनांतील द्रव वाफ न होतां फिरत राहतो. शिट्टी न काढतां तापलेल्या कुकरचें झांकण उघडण्याची कल्पनाही कोणती गृहिणी करणार नाहीं. परंतु तिचेच यजमान रस्त्याच्या कडेला तापलेल्या रेडिएटरवर रुमाल टाकून झांकण पिळतांना दिसतात! दाब सुटतांच आंतला अतितप्त द्रव तत्काळ उसळून वाफ होतो आणि तोंडावर, छातीवर, हातांवर येतो. डोळे जाण्याइतकी ही भाजणी भयंकर असते. रुमालानें कांहींच होत नाहीं.

आषाढांत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुत्याहून माळशिरसला आणि पुढें वेळापूरकडे जाते, तेव्हां रस्त्यावर मोटारी पावलापावलानें सरकतात. मोकळ्या सडकेवर समोरून वारा मिळतो, म्हणून अशक्त झालेला रेडिएटरही कसाबसा निभावून नेतो. गर्दींत किंवा शिखर शिंगणापूरच्या चढावर तो वारा नसतो, आणि मग दुखणें बाहेर पडतें. अशा वेळीं गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें आणि निदान तासभर त्यास हात लावूं नये. तापलेल्या इंजिनांत थंड पाणी ओतलें तर धातूस तडा जाऊं शकतो. आपलें काम मात्र रस्त्यावरचें नाहीं. घरचें आहे, आणि त्याला वेळेची घाई नाहीं. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच, सकाळच्या प्रहरीं, हात बोनेटला लागतो तसा रेडिएटरलाही गार लागेल तेव्हांच, तें सुरू करावें.

सामान थोडें लागतें. एक पसरट घमेलें, एक नरसाळें, लिटराच्या खुणा असलेलें माप, पक्कड, रबरी हातमोजे, झांकणाचे रिकामे मोठे डबे, नवें कूलंट, आणि ऊर्ध्वपातित पाणी दहा-बारा लिटर. गाडी सपाट जागीं उभी करावी, हातब्रेक ओढावा, चाकांस विटा लावाव्या. पुष्कळ गाड्यांत विजेवर चालणारा पंखा किल्ली बंद असतांही अचानक फिरूं लागतो. त्याच्या पात्यांजवळ बोटें नेऊं नयेत, आणि इंजिन चालूं असतांना सैल बाह्या, उपरणें किंवा ओढणी बोनेटजवळ आणूं नये. ज्या गाड्यांत विजेची मोठी बॅटरीही द्रवानें थंड ठेवलेली असते, त्यांच्या बाबतींत हा घरगुती उद्योग करूंच नये. तसेंच तेलाच्या झांकणाखालीं दुधाळ चहासारखा साका दिसला, किंवा कूलंटवर तेलाचा तवंग आढळला, तर आंतील गॅसकेट फुटलेलें असण्याचा संभव आहे. तेथें द्रव बदलून रोग जाणार नाहीं, कारागिराकडेच गेलें पाहिजे.

गाडींत हीटर असल्यास त्याची कळ पूर्ण ‘गरम’वर ठेवावी. मग झांकण उघडावें; नव्या पुष्कळ गाड्यांत रेडिएटरवर झांकण नसतें, तें पांढऱ्या टाकीवरच असतें. रेडिएटरच्या तळाशीं एका बाजूस लहानसा कॉक असतो. तो प्लॅस्टिकचा असेल तर जोर न करतां हातानेंच सैल करावा. उन्हानें व वयानें तो ठिसूळ झालेला असतो आणि मोडला तर रेडिएटरच उतरावा लागतो. कॉक नसल्यास खालच्या रबरी नळीची क्लिप पकडीनें मागें सारून नळी हळूच काढावी. द्रव घमेल्यांत पडूं द्यावा आणि पडून झाला कीं मोजावा. मोजण्यास विसरूं नये, कारण पुढचें सारें गणित त्यावर आहे.

हें गणित सोपें आहे, पण तें न केल्यामुळेंच पुष्कळांचें काम वायां जातें. समजा, गाडीच्या पुस्तिकेप्रमाणें एकंदर ४ लिटर द्रव मावतो. कॉक उघडल्यावर निघाला २ लिटर. बाकीचा २ लिटर कोठें गेला? तो इंजिनाच्या पोकळ्यांत व हीटरांत तसाच आहे, आणि कॉकमधून तो येणार नाहीं. आतां २ लिटर ऊर्ध्वपातित पाणी भरून, इंजिन चालवून, सर्व एकजीव करून, निवल्यावर पुन्हां २ लिटर काढलें आणि पुन्हां पाणी भरलें, असें करीत गेल्यास जुन्या द्रवाचा भाग पहिल्या भरण्यानंतर निम्मा, दुसऱ्यानंतर चतुर्थांश, तिसऱ्यानंतर अष्टमांश आणि चौथ्यानंतर सोळावा हिस्सा राहतो. शाळेंत गुणोत्तर श्रेढी शिकतांना ‘हिचा पुढें उपयोग काय?’ असें मुलें विचारीत, त्यांस येथें एक उत्तर आहे. तीन-चार वेळांत पाणी बहुधा निवळ येऊं लागतें. मात्र प्रत्येक वेळीं इंजिन तापवावयाचें म्हणजे तो थर्मोस्टॅटचा दरवाजा उघडून वरची नळी गरम लागेपर्यंत चालवावयाचें, आणि प्रत्येक वेळीं पूर्ण निवूं द्यावयाचें. ह्यांत एक सबंध दिवस, कधीं दोन दिवस जातात. धंदेवाईक गॅरेजांत इतका वेळ एका गाडीला देणें परवडत नाहीं; घरीं हें काम करण्याचा खरा लाभ पैशांत नसून ह्या सवडींतच आहे. जुनें कूलंट स्वच्छ असेल आणि त्याच जातीचें नवें घालावयाचें असेल, तर इतकें धुण्याचें कारण नाहीं.

शेवटच्या वेळीं पाणी काढलें, कॉक लावला, आणि आतां नवें कूलंट. येथें दुसरा फसवा हिशेब आहे. बाजारांत कूलंट दोन रूपांत मिळतें: एक पाणी मिसळून तयार केलेलें, दुसरें घट्ट. इंजिनांत २ लिटर निव्वळ पाणी शिल्लक असतांना वरून निम्म्या-निम्म्याचें तयार मिश्रण २ लिटर ओतलें, तर ४ लिटरांत ग्लायकॉल झालें फक्त १ लिटर, म्हणजे चौथा हिस्सा. आणि गंज रोखणारीं द्रव्येंही त्याच मानानें निम्मीं झालीं. म्हणून धुतलेल्या इंजिनांत घट्ट कूलंटच घ्यावें. निम्में प्रमाण हवें तर २ लिटर घट्ट. तिसरा हिस्सा हवा तर सव्वा लिटराहून किंचित् अधिक घट्ट आणि बाकी ऊर्ध्वपातित पाणी. घट्ट आधीं, पाणी मागून, हा क्रम ठेवला म्हणजे मात्रा चुकत नाहीं.

ओतणें अगदीं सावकाश असावें. ह्या कामांतील शेवटचा चोर म्हणजे आंत अडकलेली हवा. ती इंजिनाच्या डोक्यांत जाऊन बसली तर त्या जागीं द्रव पोंचत नाहीं. आणि उष्णता मोजणारा कांटा नेमका हवेच्या बुडबुड्यांत असला तर इंजिन तापत असतांही तो खालींच राहतो. म्हणून ओततांना वरची रबरी नळी मधून मधून हातानें दाबावी. बुडबुडे गदगद करीत वर येतात. कांहीं गाड्यांत हवा काढण्यासाठीं वेगळा स्क्रू असतो, तो पुस्तिकेंत दाखविलेला असतो. गाडीचें नाक थोडें चढावर राहील असें केल्यास हवेला वाट मिळते. मग झांकण उघडें ठेवूनच, थंड अवस्थेपासून, इंजिन सावकाश चालूं करावें. द्रवाची पातळी खालीं जाईल तशी भर घालावी. चेहरा मात्र तोंडावर आणूं नये. थर्मोस्टॅट उघडला कीं पातळी एकदम खालीं जाते, वरची नळी तापते, हीटरमधून गरम वारा येतो. तेव्हां भर घालून झांकण घट्ट लावावें, आणि बाजूच्या टाकींत खालच्या व वरच्या खुणेच्या दरम्यान कूलंट भरावें.

आतां घमेल्याकडे या. माझ्या मतें ह्या सबंध कामांत कुटुंबास सर्वांत जास्त धोका तेथें आहे, आणि त्याविषयीं सर्वांत कमी बोललें जातें. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि दुर्दैवानें गोड आहे. हिरवें कूलंट तर थेट वाळ्याच्या सरबतासारखें दिसतें. कुत्रें तें आवडीनें चाटतें. मांजरास एक-दोन चहाचे चमचेही प्राणघातक होतात. प्रौढ माणसास शंभर मिलिलिटरच्या आसपास, आणि मुलास त्याहून पुष्कळ कमी पुरतें. पोटांत गेल्यावर प्रथम नुसती झिंग आल्यासारखें दिसतें, आणि घरचीं माणसें निश्चिंत राहतात. परंतु यकृतांत त्याचें आम्ल होऊं लागतें, त्यापासून शेवटीं ऑक्झॅलेटचे स्फटिक बनून मूत्रपिंडांत बसतात, आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडें बंद पडतात. ह्याच कुळांतील डायएथिलीन ग्लायकॉल ह्या पदार्थानें १९३७ सालीं अमेरिकेंत एका गोड औषधाच्या रूपानें शंभरांवर माणसें मारलीं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत १९८६ सालीं १४ रुग्ण दगावले, तेही त्यांना दिलेल्या ग्लिसरिनांत हाच पदार्थ असल्यामुळें. न्यायमूर्ति लेंटिन ह्यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली. पदार्थ निराळा, पण गोडवा तोच आणि मूत्रपिंडांचा घातही तोच.

म्हणून कूलंट, जुनें असो वा नवें, पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलींत कधींही भरूं नये. आपल्याकडे ही संवय फार आहे. बाटली गाडींत राहते, तहानलेलें मूल ती उचलतें. घमेलें क्षणभरही उघडें सोडून चहाला जाऊं नये. काढलेला द्रव तत्काळ झांकणाच्या डब्यांत ओतावा, डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष’ असें लिहावें, आणि फरशीवर सांडलेलें भरपूर पाण्यानें धुण्याआधीं माती अगर लांकडाचा भुसा टाकून टिपून घ्यावें. कोणाच्या पोटांत गेल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहूं नये, घरीं ओकारीही काढवूं नये. कूलंटचा डबा बरोबर घेऊन सरळ मोठ्या रुग्णालयांत जावें. वेळेवर गेल्यास ह्यावर उतारा आहे, आणि रक्तशुद्धीचें यंत्रही आहे.

राहिला प्रश्न त्या आठ-दहा लिटर टाकाऊ पाण्याचा. तें गटारांत, विहिरीजवळ किंवा शेताच्या बांधावर ओतूं नये. आपलीं गटारें उघडीं असतात आणि तेथें गुरें-कुत्रीं तोंड घालतात. धुण्याचें पाणीही विषारीच समजावें. जेथें मोटारींचीं मोठीं सर्व्हिस-केंद्रें आहेत, तेथें जुनें तेल व कूलंट सांठविण्याचे पिंप असतात. ओळखीच्या कारागिरामार्फत डबे तेथें पोंचवावे. ह्यासाठीं अकलूजपर्यंत किंवा पंढरपूरपर्यंत डबे न्यावे लागले, तर दुसऱ्या कामाच्या खेपेंत ते न्यावे. तोंवर कुलुपांत ठेवावे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, गाडी पूर्ण गार असतांना, झांकण उघडून पातळी पाहावी. थोडी उतरली असेल तर ती उरलेली हवा निघून गेल्याची खूण. भर घालून पुरी करावी. बोनेटच्या आंतल्या बाजूस एक कागद चिकटवून त्यावर तारीख, कूलंटचें नांव, आणि घट्ट व पाणी ह्यांचें प्रमाण लिहून ठेवावें, म्हणजे वाटेंत भर घालणाऱ्यास विचारावें लागत नाहीं. पहिल्या आठवड्यानंतरही पातळी रोज उतरूं लागली तर गळती आहे. अशा वेळीं रात्रीं गाडीखालीं एक कोरा पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळीं त्यावर रंगीत ठिपका पडला असेल, तर नेमका त्याच्या वर कोणता जोड आहे तें वांकून पाहावें. बहुधा आपणच लावलेल्या क्लिपेचा स्क्रू अर्धा फेरा आवळावयाचा राहिलेला असतो.